रानफुलांमागे जाणाऱ्या मुलीचं पुढे काय?

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. ओळखीच्या एका जीवशास्त्राच्या प्राध्यापकांनी शिकवता शिकवता आयुष्यभर रानफुलांच्या नोंदी ठेवल्या. तिलाही तेच करायचंय. फोनमध्ये फुलांचे हजारभर फोटो आहेत. यात पोट भरेल का, की छंदच राहू दे म्हणू? – एक आई

उत्तर : ताई, पोट फुलांवर नाही, शिकवण्यावर भरतं. पगार तास घेण्याचा, प्रॅक्टिकलचा आणि पेपर तपासण्याचा. फुलं रविवारी आणि सुट्टीत. म्हणून तिला आधी हे विचारा, की प्रकाशसंश्लेषणाचा तोच धडा दरवर्षी नव्या वर्गाला रंगून शिकवशील का? मान नकारार्थी हलली, तर प्राध्यापकी तिच्यासाठी नाही. मग वनस्पती उद्यानं, हर्बेरियम (सुकवलेल्या वनस्पतींचा नोंदींसह जपलेला संग्रह), पर्यावरण सर्वेक्षण असे रस्ते उरतात, पण जागा मोजक्याच.

उत्तर हो असेल, तर पदवी, पदव्युत्तर, पीएच.डी. मिळून नऊ-दहा वर्षं धरा. कायम नोकरी त्यानंतरही लगेच मिळेल असं नाही. घरात हे आत्ताच बोलून घ्या.

शिकवणं म्हणजे फुलांच्या वेळेतली कटकट, असं मात्र तिला वाटू देऊ नका. केंब्रिजचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक हेन्स्लो विद्यार्थ्यांना घेऊन रानात जात, झाडं गोळा करत. त्या विद्यार्थ्यांत डार्विन होता, आणि 1831 मध्ये जगप्रवासाला निघणाऱ्या ‘बीगल’ जहाजासाठी त्याचं नाव सुचवलं ते हेन्स्लोंनीच.

आता ते हजार फोटो. खरं सांगू? त्यातले बरेचसे ओळख पटवायला अपुरे असणार. आपण फूल वरून टिपतो आणि ओळख बऱ्याचदा खालच्या बाजूला असते. सूर्यफुलाच्या कुळातलं आपण ज्याला एक फूल म्हणतो, तो बारीक फुलांचा गुच्छ असतो. वरून सगळी पिवळीधमक, सारखीच. उलटं करून खालची हिरवी छदं (गुच्छाला तळाशी वेढणारी छोटी पानं), पानांवरची लव, बीवरचे केस भिंगातून बघितले की वेगळेपणा कळतो. फुलं ओळखणाऱ्या ॲपला नुसता वरचा फोटो दिला तर तेही फसतं.

म्हणून तिला हर्बेरियममध्ये असते तशी एक शीट, म्हणजे सुकवलेल्या फांदीचा नोंदीसह कागद, करायला सांगा. आसपास भरपूर उगवणाऱ्या एखाद्या रानफुलाची फांदी फुलापानांसकट घ्यायची (दुर्मीळ झाडाला आणि संरक्षित जंगलात हात लावायचा नाही). वर्तमानपत्राच्या घडीत पसरून वजनाखाली ठेवायची आणि सुकेपर्यंत रोज कागद बदलायचा. कंटाळा केला की बुरशी आलीच. मग जाड कागदावर चिकटवून कोपऱ्यात लेबल लावायचं : तारीख, नेमकी जागा, झाडाची उंची, फुलाचा रंग, वास. रंग-वास आठवणीने लिहायचे, कारण सुकल्यावर वास उडतो आणि रंगही बहुधा बदलतो.

तारीख क्षुल्लक वाटेल. पण अमेरिकेत काँकॉर्ड गावी लेखक थोरो यांनी 1850 च्या दशकात कोणतं फूल कधी उमललं ते टिपून ठेवलं होतं. दीडशे वर्षांनी शास्त्रज्ञांनी ताडून पाहिलं, तर फुलं सरासरी आठवडाभर आधी उमलू लागली होती. फूल नुसतं सुंदर आहे म्हणून काढलेल्या फोटोतून हे निघालं नसतं.

तेव्हा एकच माळ किंवा ओढ्याचा एकच काठ निवडून तिथे वर्षभर दर आठवड्याला जायला सांगा. फुलं नसतील त्या महिन्यांतही. वहीची पानं भरत राहिली, तर मला पुन्हा लिहा. तेव्हाचं पत्र मात्र तिला लिहू द्या.