जोडीदार गेला, रॅकेट माळ्यावर

प्रश्न : सर, आम्ही वेंगुर्ल्याला राहतो. माझा मुलगा १६ वर्षांचा आहे. चार वर्षं तो एकाच मित्राबरोबर बॅडमिंटनची दुहेरी खेळला. मागून मारायचा हा, पुढे नेटजवळ तो. जूनमध्ये मित्राच्या वडिलांची नाशिकला बदली झाली आणि तेव्हापासून याने रॅकेट माळ्यावर टाकली आहे. ‘आये, माका आता खेळूचा नाय,’ एवढंच म्हणतो. नातेवाईक म्हणतात, बरं झालं, एकेरीत ज्यांना जमत नाही ते दुहेरी खेळतात, आता त्याला एकेरीच खेळू दे. त्याच्या खोलीत चीनच्या फू हायफंगचं चित्र आहे, ते मात्र त्याने काढलेलं नाही. आम्ही काय करावं? (एक आई)

उत्तर : ताई, त्या चित्रातल्या माणसाचा अर्धाच प्रवास तुमच्या मुलाला माहीत असावा. म्हणून आधी तोच सांगतो.

हायफंग ग्वांगडोंग प्रांतातला, आणि तुमच्या मुलासारखाच मागून मारणारा. २००५ च्या सुदिरमन कपात, म्हणजे देशांच्या संघांच्या जागतिक स्पर्धेत, त्याचा एक स्मॅश (वरून खाली मारलेला जोरकस फटका) ताशी ३३२ किलोमीटर वेगाचा मोजला गेला. स्मॅशचा विषय निघाला की पुढे कित्येक वर्षं हाच आकडा सांगितला जायचा. त्याचा जोडीदार त्साय युन. २००९ च्या ऑगस्टमध्ये जागतिक स्पर्धा हैदराबादला झाली, तेव्हा मी मुद्दाम गच्चीबावलीच्या स्टेडियमवर गेलो होतो. गेलो होतो हायफंगचे स्मॅश बघायला. पण दोन-चार रॅली झाल्या आणि माझी नजर त्सायवर गेली ती तिथेच राहिली. गुडघे वाकवलेले, रॅकेट चेहऱ्यासमोर धरलेली. मागे हायफंगने उडी मारून फूल (शटल) हाणलं की फटाक्यासारखा आवाज व्हायचा, पण त्सायची मान काही वळायची नाही. समोरून परत आलेलं फूल नेटच्या जरा वर दिसलं की तो खाली दाबायचा. दाबता नाही आलं, तर असं सरकवायचा की समोरच्याला ते उचलून देण्यावाचून गत्यंतर नाही. उचललं की मागे हायफंग तयारच. मी मुलांना वर्षानुवर्षं सांगत आलो होतो की पुढच्याने मागे वळून बघायचं नाही. ते इतकं स्वच्छ केलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

ती फायनल कोरियाच्या जोडीविरुद्ध होती, तिसरा गेम २८-२६ ला संपला. २००६, २००९, २०१० आणि २०११ अशी चार जागतिक विजेतेपदं या दोघांनी मिळवली. ऑलिंपिकने मात्र त्यांना फार थांबवलं. २००४ ला अथेन्समध्ये पदक नाही. २००८ ला स्वतःच्या देशात, बीजिंगला, फायनलचा पहिला गेम २१-१२ असा जिंकूनही ते इंडोनेशियाच्या मार्किस किडो आणि हेंद्रा सेतियावानकडून हरले. सुवर्ण मिळालं ते २०१२ ला लंडनमध्ये. पुरुष दुहेरीतलं चीनचं ते पहिलंच ऑलिंपिक सुवर्ण.

तुमच्या मुलाला यापुढचा भाग सांगा. तेव्हा त्साय ३२ वर्षांचा होता. लंडननंतर ही जोडी सुटली आणि हायफंगला नवा जोडीदार मिळाला झांग नान. झांगने लंडनमध्येच झाओ युनलेईबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं होतं. मिश्र दुहेरीत पुरुषाला बहुतेक वेळ मागचं कोर्ट सांभाळावं लागतं, म्हणजे झांगच्या पायांना सवय मागची. अशा दोघांना एकत्र उभं राहायचं, कोण कधी पुढे सरकणार हे नव्याने ठरवायचं, तेही हायफंगची तिशी आली असताना. २०१६ ला रिओच्या फायनलमध्ये समोर मलेशियाचे गो व्ही शेम आणि तान वी किओंग होते. चीनच्या जोडीने पहिला गेम १६-२१ गमावला, दुसरा २१-११ घेतला, आणि तिसरा विसाच्या बरोबरीनंतर २३-२१. दोन वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर ऑलिंपिकची पुरुष दुहेरी हायफंगशिवाय कोणीही जिंकलेली नाही.

बीजिंगला त्याला हरवणाऱ्या सेतियावानचंही असंच आहे. किडोची साथ सुटल्यावर मोहम्मद अहसानबरोबर तो २०१३, २०१५ आणि २०१९ असा तीनदा जगज्जेता झाला.

नातेवाइकांना एवढंच सांगा की चीनच्या राष्ट्रीय संघात एकेरी आणि दुहेरीचे गट वेगळे, प्रशिक्षक वेगळे. लहान वयातच मुलं दुहेरीसाठी निवडली जातात आणि प्रशिक्षक जोड्या मोडून नव्या करत राहतात. उरलेल्यांना दुहेरीत ढकलून कोणी जगज्जेते घडवत नाही. आपल्या भारताचे सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी आणि चिराग शेट्टी घ्या. दोघेही मागून मारणारे, तरी त्यांना एकत्र आणलं गेलं, आणि २०२३ मध्ये ते जगात पहिल्या क्रमांकावर पोचले.

हे मी एवढ्या आग्रहाने लिहितो आहे, कारण १९८४ साली माझा जोडीदार आखातात नोकरीला गेला तेव्हा मीही असाच वागलो. एकेरीकडे वळलो. दोन वर्षांनी रत्नागिरीत एक चांगला मुलगा माझ्याबरोबर खेळायला तयार झाला, पण तोही मागचाच. मी आयुष्यात कधी पुढे उभा राहिलो नव्हतो, आणि तेव्हा शिकायची तयारीही दाखवली नाही. म्हटलं, मला माझ्या जुन्या जोडीदारासारखाच माणूस हवा. तसा कोणी मिळाला नाही. याची खंत मला आजही आहे.

म्हणून तुमच्या मुलाला जुन्या मित्राची नक्कल शोधू देऊ नका. गावात जो कोणी नियमित येणारा असेल, वयाने लहान असला तरी चालेल, त्याच्याबरोबर पहिला महिना त्याने स्वतः नेटजवळ उभं राहावं. पिसं तुटलेली जुनी दोन-तीन डझन फुलं गोळा करा. समोरून कोणीतरी ती एकेक करून नेटच्या वर टाकत राहावं, याने रॅकेट वर धरून दाबत राहावं. मागून आवाज आला तरी वळायचं नाही. सुरुवातीला त्याचा जीव मागच्या कोर्टात अडकेल, चिडचिड होईल. होऊ दे. पुढचं कळलं की त्याचा स्वतःचा स्मॅशही सुधारेल, कारण कुठे मारला तर पुढच्याला सोपं जातं हे त्याला हातातून कळलेलं असेल. नाशिकच्या मित्राला फोन करून पुढच्या जागेच्या खुब्या विचारायला सांगा. चार वर्षं तो तिथेच उभा होता, त्याच्याइतकं कोण सांगणार?

आणि ताई, रॅकेट आजच माळ्यावरून खाली काढा. आपल्याकडच्या पावसात बंद कव्हरमध्ये ग्रिपला बुरशी धरते. जुनी ग्रिप सोलून टाका, मूठ कोरड्या फडक्याने पुसून दोन दिवस पंख्याखाली ठेवा. तारा सैल झाल्या असतील तर गटिंग करून घ्या, म्हणजे नव्या तारा ओवून घ्या. नवी ग्रिप मात्र तुम्ही बसवू नका, त्याची त्यालाच गुंडाळू दे.