कोर्टात कॅमेरा नसताना ‘प्लाउशेअर्स एट’च्या खटल्यावर चित्रपट कसा झाला?

९ सप्टेंबर १९८० ला अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या किंग ऑफ प्रशिया इथल्या जनरल इलेक्ट्रिकच्या कारखान्यात आठ अण्वस्त्रविरोधी कार्यकर्ते शिरले; हेच ‘प्लाउशेअर्स एट’. त्यांत डॅनियल आणि फिलिप बेरिगन हे बंधू होते. मिनिटमन क्षेपणास्त्राच्या अण्वस्त्रासाठी बनवलेल्या दोन शंकूच्या आकाराच्या आवरणांवर त्यांनी साध्या हातोड्यांनी घाव घातले आणि कागदपत्रांवर स्वतःचं रक्त ओतलं. हातोडा का? बायबलमध्ये यशया संदेष्ट्याने तलवारी ठोकून नांगराचे फाळ (इंग्रजीत ‘प्लाउशेअर्स’) करण्याची गोष्ट सांगितली आहे, म्हणून.

१९८१ च्या खटल्याचं चित्रण करता आलं नाही, म्हणून दिग्दर्शक एमिल द अँटोनिओने ‘इन द किंग ऑफ प्रशिया’ या चित्रपटात कोर्टाच्या नोंदींवरून प्रसंग पुन्हा उभे केले. आठही आरोपी स्वतःच्याच भूमिकेत आहेत, न्यायाधीश झाला अभिनेता मार्टिन शीन. शिक्षेची टांगती तलवार असताना हे काम उरकायचं होतं, म्हणून व्हिडिओवर चित्रण करून नंतर ते फिल्मवर उतरवलं.

या पद्धतीत घोळ कुठे होतो, ते बघा. नोंदीत शब्द असतात, पण आवाजाची पट्टी नसते; न्यायाधीश चिडखोर वाटतो की थकलेला, हे नट ठरवतो. शिवाय अण्वस्त्रांवरच्या तज्ज्ञांची साक्ष ज्यूरीपुढे येऊच दिली नव्हती, म्हणजे नोंदीतच ती पोकळी आहे. असं काम करणार असाल तर खरं चित्रण कोणतं आणि पुनर्निर्मिती कोणती, हे पडद्यावर स्पष्ट लिहा. आणि न्यायाधीशाने नाकारलेल्या प्रश्नांच्या जागा कापू नका, माझ्या मते खटल्याचा गाभा तिथेच आहे.