शंभर वर्षांच्या वाळक्या फुलपाखरातून डीएनए निघतो का? आणि त्यावरून वर्गीकरण बदलावं इतका तो भरवशाचा असतो का? मग पाठ केलेली नावं बदलणार का? असे तुमचे प्रश्न.

निघतो. तुम्हाला आली तीच शंका मलाही आली होती. मी कीटकांच्या डीएनएवर काम करतो. संग्रहालयातल्या जुन्या फुलपाखरांची, डांबरगोळ्यांचा वास मारणारी पेटी पहिल्यांदा समोर आली तेव्हा वाटलं, यातून भुकटीशिवाय काय हाती लागणार?

डीएनए असतो, फक्त त्याचा चुरा झालेला असतो. ताज्या फुलपाखरात लांबलचक धागे मिळतात, जुन्यात पन्नास-शंभर अक्षरांचे तुकडे (डीएनएची अक्षरं चारच: ए, सी, जी, टी). आधीची पद्धत इथेच अडायची. 'बारकोड' म्हणून जनुकाचा जो भाग वाचतात तो साधारण ६५० अक्षरांचा, आणि तेवढा सलग तुकडा जुन्या नमुन्यात क्वचितच शिल्लक असतो. आताची बरीचशी यंत्रं मुळात छोटे तुकडेच वाचतात. ताजा डीएनए असेल तर आम्ही तो आधी मुद्दाम तोडतो! जुन्या नमुन्यात ते काम काळाने फुकटात करून ठेवलेलं असतं. मग हे लाखो तुकडे नात्याने जवळच्या एखाद्या फुलपाखराच्या पूर्ण जीनोमशी, म्हणजे संपूर्ण डीएनएशी, ताडून आपापल्या जागी बसवायचे.

भेसळीची भीती मात्र खरी. शेजारच्या टाचणीवरचा कीटक, बुरशी, हाताळणाऱ्या माणसाची बोटं, सगळ्यांचाच डीएनए त्यात येतो. यावर एक खूण उपयोगी पडते. जुन्या तुकड्यांच्या टोकांना 'सी' अक्षर बिघडलेलं असतं आणि यंत्र त्याला 'टी' वाचतं. म्हणजे ज्या बिघाडाने आम्हाला त्रास होतो, तोच बिघाड तुकडा जुना असल्याचा पुरावा देतो.

नमुन्याचं नुकसान? बहुतेकदा एक पाय पुरतो. तरी तो पाय मागताना संग्रहालयाच्या क्युरेटरचा चेहरा बघण्यासारखा असतो.

माझं आवडतं उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोचं. तिथल्या वाळूच्या टेकड्यांवर झर्सिस ब्लू नावाचं नील कुळातलं फुलपाखरू होतं. शहर वाढलं, टेकड्या गेल्या, आणि १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला तेही संपलं. वाद असा होता की ही स्वतंत्र प्रजाती होती, की आजही सर्रास दिसणाऱ्या सिल्व्हरी ब्लूचीच एक वेगळी वस्ती? जिवंत फुलपाखरू नसताना हे सोडवायचं कसं? शिकागोच्या फील्ड म्युझियममधल्या ९३ वर्षं जुन्या नमुन्याच्या पोटाचा बारीकसा तुकडा घेतला गेला. २०२१ साली निकाल आला: प्रजाती स्वतंत्रच होती. म्हणजे गेली ती एक वस्ती नव्हे, अख्खी प्रजातीच.

आता तुम्ही विचाराल, जी फुलपाखरं आजही उडतायत त्यांचे ताजे नमुने सोडून जुन्या पेट्या कशाला उघडायच्या? कारण नाव फुलपाखराला नसतं, टाचणीवरच्या एका विशिष्ट नमुन्याला असतं. पहिल्यांदा नाव देताना जो नमुना समोर होता तो 'टाईप'. समजा, आपण ज्याला एक प्रजाती म्हणत होतो त्या दोन निघाल्या. मग जुनं नाव कुणाला राहणार आणि नवं कुणाला द्यायचं? टाईपचा डीएनए ज्या बाजूला पडतो, तिला जुनं नाव. एरवी जुन्या चित्रावरून आणि दोन ओळींच्या लॅटिन वर्णनावरून यावर पिढ्यानपिढ्या भांडणं चालतात.

पण डीएनए म्हणजे ब्रह्मवाक्य नाही. २००४ साली कोस्टा रिकातल्या चपळ कुळातल्या एका 'प्रजाती'त दहा प्रजाती लपल्या असल्याचा दावा झाला, तो बारकोडवरून. प्रौढ फुलपाखरं जवळपास सारखी, सुरवंटांचे रंग आणि खाद्यवनस्पती मात्र वेगळ्या. दोनच वर्षांत दुसऱ्या अभ्यासकाने तोच डेटा तपासून आकडा दहा नाही, कमी आहे असं मांडलं. बारकोड फक्त आईकडून येतो. संकर झाला असेल किंवा वोलबाकिया नावाचा जिवाणू शिरला असेल, तर बारकोड सरळ फसवतो. म्हणून आता शक्य तिथे शेकडो जनुकं एकदम बघतात.

तुमचा शेवटचा प्रश्न, पाठ केलेली नावं बदलणार का? शास्त्रीय नावं काही प्रमाणात हो. २०२३ मध्ये जवळपास २,३०० प्रजातींची ३९१ जनुकं वाचून फुलपाखरांचा वंशवृक्ष मांडला गेला. नमुने ९० देशांतले, २८ संग्रहांतले. त्यात किमान ३६ ट्राईब (कुळ आणि वंश यांच्या मधला गट) नव्याने मांडावे लागतील असं दिसलं. बदल बहुतेक अशा मधल्या पायऱ्यांवर आणि वंशाच्या नावात होतील. आपल्या निलवंताला निलवंत म्हणायला कुणाचीच हरकत नाही.