वरच्या दुधावरची कोकरं दूध तोडल्यावर का खंगतात?

प्रश्न : आमचा ४० मेंढ्यांचा कळप आहे. काही मेंढ्या नारी सुवर्णा जातीच्या आहेत, त्यांना जुळी होतात. आईला दोघांपुरतं दूध नसतं, म्हणून त्यातलं अशक्त कोकरू पहिल्याच दिवशी वेगळं काढून घरातल्या खोलीत गाईच्या दुधावर वाढवतो. दूध परातीत देतो, जड पडू नये म्हणून निम्मं पाणी घालतो. दीड महिन्याला कडबा कुट्टी सुरू करतो. दोन महिन्यांनी दूध तोडलं की ही कोकरं खंगतात. पोट माठासारखं आणि पाठीची हाडं वर. आईखालची भावंडं मात्र टणटणीत. दुधाची पावडर आणू की पचनाचं औषध चालू करू?
– एक वाचक, ता. माण, जि. सातारा

उत्तर : पावडर नको आणि औषधही नको. आधी ती परात उचला.

कोकरू जन्मतं तेव्हा पोटाच्या चार कप्प्यांपैकी चौथा, म्हणजे खरं पोट, सगळ्यांत मोठा असतो. रवंथाचं कोटीपोट तेव्हा लहान असतं, आतून जवळजवळ गुळगुळीत. मोठ्या मेंढीत याच्या उलट असतं. पण हा पालट नुसतं वय वाढलं म्हणून होत नाही, पोटात काय पडतं त्यावर होतो. तुमच्या कोकरांना दोन महिने भरले, पण त्यांचं कोटीपोट आतून अजून पंधरवड्याच्या कोकराचंच आहे. दूध तोडल्यावर ती जगणार कशावर?

कोकरू मान ताणून सड चोखतं तेव्हा अन्ननलिकेच्या टोकाशी एक पन्हळ मिटते आणि दूध कोटीपोट टाळून थेट चौथ्या पोटात उतरतं. मान खाली घालून परातीतून घटाघटा प्यायलं, तर पन्हळ नीट मिटेलच असं नाही. मग दूध कोटीपोटात सांडतं, तिथं आंबतं, पोट फुगतं, हगवण लागते. बाटली कासेच्या उंचीला धरा, कोकरू उभं ठेवा. आणि पाणी घालणं आजच बंद करा. मेंढीच्या दुधात स्निग्धांश गाईच्या जवळपास दुप्पट असतो, आणि तुम्ही गाईचंच दूध आणखी पातळ करता! धनगर कळपात चार शेळ्या ठेवतात त्या काही हौसेनं नाही. आईचं दूध कमी पडलं की कोकरू शेळीला लावतात. तुमच्याकडे शेळी असेल तर बाटलीचीही गरज नाही.

पत्रात चिकाचा उल्लेख नाही, त्याचीच मला जास्त काळजी वाटते. पहिल्या दोन तासांत, निदान सहा तासांच्या आत चीक पोटात गेलाच पाहिजे. अडीच किलोच्या कोकराला एका वेळी सव्वाशे मिली पुरे, आणि दिवसभरात असं तीन-चार वेळा. २४ तासांनंतर आतडं चिकातली रोगप्रतिकारक द्रव्यं रक्तात घेत नाही.

आता कोटीपोट कशानं वाढतं ते पाहू. अमेरिकेत १९५०च्या दशकात वासरांच्या कोटीपोटात प्लॅस्टिकचे स्पंज ठेवून पाहिले होते. पिशवी मोठी झाली, पण आतली लव, म्हणजे अस्तरावरचे बारीक बोटांसारखे उंचवटे, वाढली नाही. दाणा आंबून जी आम्लं तयार होतात, विशेषतः ब्युटिरिक आणि प्रोपिऑनिक, त्यांनी ती वाढते, आणि चाऱ्याचं सत्त्व रक्तात जातं ते याच लवेतून. तुमची कडबा कुट्टी म्हणजे थोडंफार त्या स्पंजचंच काम. पिशवी ताणली, पोट सुटलं, अंगी काही लागलं नाही.

म्हणून दहाव्या दिवसापासून मक्याचा भरडा, शेंगदाणा पेंड, थोडा गव्हाचा कोंडा आणि चिमूटभर खनिज मिश्रण पुढे ठेवा. सुरुवातीला चाटतील, सांडतील, सांडू द्या. सरकी पेंड आणि युरिया या वयात अजिबात नको. सोबत शेवरी, बोरीचा पाला, वाळवलेला मेथीघास. कडबा नंतर. आणि पाणी! दुधातलं पाणी कोटीपोटात उतरतच नाही, त्यामुळे दुधावरच्या कोकरालाही वेगळं स्वच्छ पाणी लागतं. ते नसेल तर दाणा आंबणार कसा?

खोलीत आणखी एक गोष्ट मिळत नाही, कळपाचे जंतू. आईचं चाटणं, तिचे सड, मोठ्यांनी तोंड लावलेला पाला यांतून ते कोकरात येतात. चारा पचवायला हातभार लावणारे प्रोटोझोआ (एकपेशीय सूक्ष्म जीव) तर मोठ्या जनावरांच्या लाळेतूनच येतात. एकट्यानं वाढवलेल्या कोकरात ते आढळत नाहीत. बाजारातल्या पचनाच्या पुडीनं ही उणीव भरून निघेल असं मला वाटत नाही. माझं मत विचाराल तर जुळ्यातलं दुसरं कोकरू आईपासून तोडूच नका. दोघंही आईखाली, भावंडांसोबत वाघरीतच (कळपाच्या जाळीच्या कुंपणात) राहू द्या आणि कमी पडेल तेवढंच बाटलीनं पाजा. गाभण मेंढीला शेवटच्या दीड महिन्यात रोज पाव किलो खुराक दिलात तर बाटलीही कमी लागेल.

दूध तोडायचं ते कॅलेंडर पाहून नाही. कोकरू सलग तीन दिवस रोज २०० ते २५० ग्रॅम दाणा खाऊ लागलं की तोडा, तेही आठवडाभरात हळूहळू.

आता खंगलेल्यांचं. आधी लेंडी तपासून घ्या. कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) किंवा जंत असतील तर वरचं सगळं करूनही गुण येणार नाही. दोन आठवडे पुन्हा दोन वेळा दूध द्या आणि दाणा ५० ग्रॅमपासून चढवत न्या. भूक दिसली म्हणून एकदम पाटीभर टाकाल तर पोटात आम्ल वाढेल, आंत्रविषाराचाही (आतड्यात विष तयार होऊन जनावर दगावण्याचा रोग) धोका आहे. त्याची लस टोचलेली नसेल तर दाणा चढवण्याआधी टोचून घ्या, दोन-तीन आठवड्यांनी बूस्टर द्या.