गांजायुक्त पेयांना किती ग्राहक मिळतील, याचा अंदाज कसा काढायचा?

लोकसंख्येपासून सुरुवात करा, पण फक्त जिथे विक्री कायदेशीर आहे तिथल्या प्रौढांची. समजा प्रौढ 10 लाख, त्यातले 20% वर्षभरात गांजा घेणारे, त्यातले 10% पेय विकत घेणारे, प्रत्येकी वर्षाला 6 कॅन: 1,20,000 कॅन. निम्म्याच ग्राहकांच्या आवाक्यातल्या दुकानांत माल पोहोचणार असेल तर 60,000. आकडे गृहीत आहेत, तुमचे घाला.

सर्वात मोठी चूक सर्वेक्षणात होते. ‘घ्याल का?’ विचारलं की लोक सहज हो म्हणतात. त्याऐवजी किंमत, टीएचसी या गांजातल्या नशा आणणाऱ्या घटकाचं प्रमाण (कॅनडात एका डब्यात कमाल 10 मिग्रॅ), चव आणि असर व्हायला लागणारा वेळ बदलून पर्यायांतून निवड करायला लावा. ‘यातलं काहीच नको’ हा पर्याय हवाच. ‘नक्की घेईन’ म्हणणारेही सगळे घेत नाहीत, म्हणून आधीच्या मिळत्याजुळत्या उत्पादनाच्या खऱ्या विक्रीशी ताडून आकडा कमी करा.

पहिली खरेदी आणि पुनर्खरेदी वेगळी मोजा. कुतूहलापोटी पहिला कॅन खपतो. असर उशिरा झाला किंवा कडवटपणा राहिला, तर दुसरा खपत नाही. शिवाय गांजाच्या गमी (चघळायच्या गोळ्या) सोडून पेयाकडे वळलेले ग्राहक ही बाजारातली नवी मागणी नव्हे.