पाण्यात साबणाचा अंश असला की त्यात सोडलेल्या हवेचे बुडबुडे बारीक होतात, मग ऑक्सिजन जास्त विरघळायला हवा. उलट कमी का विरघळतो?

बुडबुडे बारीक झाल्याने पृष्ठभाग वाढतो, हे खरंच. तेवढ्याच हवेचे निम्म्या व्यासाचे बुडबुडे केले की क्षेत्रफळ दुप्पट होतं. पण घोडं अडतं ते पृष्ठभागालगतच्या पाण्यात. ऑक्सिजन पाण्यात मुळात कमी विरघळतो, त्यामुळे खरा अडथळा पाण्याच्या बाजूला असतो.

स्वच्छ पाण्यात 2 मिलिमीटरचा बुडबुडा सेकंदाला साधारण 25 सेंटिमीटर वेगाने वर चढतो. त्याचा पृष्ठभाग वाहता असतो, म्हणून माथ्याशी सतत ताजं पाणी येतं आणि सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आतच मागे सरकतं. एवढ्या वेळात ऑक्सिजन काही मायक्रोमीटरच आत शिरतो. संपर्क जितका क्षणिक, तितका शोषणाचा वेग जास्त. 1935 मध्ये संशोधक हिग्बी यांनी मांडलेला सिद्धांत तो हाच.

साबणाचे रेणू पृष्ठभागावर चिकटतात आणि प्रवाहाबरोबर बुडबुड्याच्या शेपटीकडे गोळा होतात. तिथला पृष्ठताण कमी होतो, माथ्याकडचा जास्त राहतो आणि हा फरक पृष्ठभागाला उलट ओढून जखडून टाकतो. मग बुडबुडा घन गोळ्यासारखा वागतो. लगतचं पाणी रेंगाळतं आणि संक्रमण गुणांक, म्हणजे तेवढ्याच पृष्ठभागातून ऑक्सिजन पाण्यात जाण्याचा वेग, कित्येक पटींनी घसरू शकतो. क्षेत्रफळात कमावलेलं बऱ्याचदा इथेच जातं. म्हणूनच वायुवीजन (पाण्यात हवा सोडणाऱ्या) यंत्रणेचे स्वच्छ पाण्यातले आकडे सांडपाण्याला जसेच्या तसे लावू नका.