“आईचं डोळं गेलं, आता माझा नंबर”

“मॅडम, घरात काचबिंदू आहे. मलाही होणारच ना?” सांगलीत समुपदेशन करताना हा प्रश्न मी किती जणांकडून ऐकला, याची मोजदाद नाही. विचारणाऱ्याची झोप उडालेली असते, चिडचिड वाढलेली असते, आणि डोळे मात्र तपासलेले नसतात. दवाखान्यांचं गाव मिरज अगदी शेजारी, तरी पाय तिकडे वळत नाहीत. म्हणून अण्णांची गोष्ट सांगते. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.

अण्णा हळदीचे अडते, वय 47. बायकोनं आग्रहानं आणलेले. पहिल्या भेटीत एकच पालुपद: “आईचं डोळं गेलं, मावशीचंबी. आता माझा नंबर.” दुसऱ्या भेटीत नेमकं उलटं: “आमच्यात हे बायकांनाच होतंय. मला कशाला होईल?” भीती आणि दिलासा एकाच तोंडातून. दोन्हींमुळे घडत होतं एकच, तपासणी पुढं ढकलली जात होती.

“शेवटचं कधी तपासलं?”

“शिबिरात. प्रेशर नॉर्मल आलं की ओ.”

काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस झिजत जाते, बहुधा डोळ्यातला दाब वाढल्यानं. हा दाब साधारण 10 ते 21 (मिलिमीटर पारा) असला की नॉर्मल म्हणतात. पण काहींची नस त्या दाबातही झिजते. बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ असेल तर यंत्रावर दाब खऱ्यापेक्षा कमी दिसतो. म्हणून दाबाच्या आकड्याबरोबर डोळ्याची नस, पडद्याची जाडी, डोळ्यातला कोन (आतलं पाणी जिथून बाहेर झिरपतं ती जागा) आणि नजरेचा घेर, सगळंच बघावं लागतं.

बोलता बोलता अण्णांनी डोळे चोळले आणि शर्टाच्या खिशातून थेंबांची बाटली काढली. लेबलवर हळदीचे पिवळे ठसे. यार्डातल्या धुळीनं डोळे लाल होतात, म्हणून मेडिकलवाल्यानं सहा वर्षांपूर्वी दिलेलं औषध, तेच आजवर चालू. मी चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली: डेक्सामेथासोन. हे स्टेरॉइड. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय महिनोन्‌महिने घातलं तर कित्येकांच्या डोळ्यातला दाब वाढतो, आणि घरात काचबिंदू असेल तर धोका आणखी. आईकडून आलेलं बदलता येत नाही. ही बाटली मात्र बदलता येण्यासारखी होती. त्यांना म्हटलं, ही आज डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायचीच.

तरी अण्णा हलेनात. चौथ्या भेटीत मी आजाराचा विषय सोडला आणि आईबद्दल विचारलं. आई कशी चालायची, स्वयंपाक कशी करायची.

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “उंबऱ्याला अडखळायची. बाजूला ठेवलेला तांब्या लवंडायची. आम्ही म्हणायचो, वय झालं.” थोड्या वेळानं, “समोरचं सगळं दिसायचं तिला. सुईत दोरा ओवायची ओ.”

काचबिंदू बहुधा असाच येतो. न दुखता, नजर कडेकडेनं खात. सुईतला दोरा बराच उशिरापर्यंत दिसत राहतो. त्यात मोतीबिंदूशी गल्लत होते, ‘पिकला की काढू’ म्हणून लोक थांबतात. पण काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी राखता येते.

अण्णांच्या डोळ्यांत पाणी होतं. “म्हणजे लवकर नेलं असतं तर...”

इथं घाईनं समजूत घालायची नाही, हे मी इतक्या वर्षांत शिकले आहे. मी विवेकनिष्ठ पद्धतीनं, म्हणजे माणसाचा विचार त्याच्यासोबत तपासून बघत, काम करते. माणसाच्या दुःखाशी नव्हे, त्यानं स्वतःला विचारलेल्या प्रश्नाशी. थांबून म्हटलं, “अण्णा, ‘मला होणार का’ याचं उत्तर कुणाकडेच नाही. ‘मला आत्ता आहे का’ याचं उत्तर एका दुपारी मिळतं.”

त्यांनी वर बघितलं. “एका दुपारी?” त्या दोन शब्दांत आमचं निम्मं काम झालं, असं मला आजही वाटतं.

मग मी बहिणीबद्दल विचारलं. थोरली, तासगावला दिलेली. संध्याकाळी डोकं दुखतं, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, पण “ताईला पित्ताचा त्रास आहे.” मी तिलाही सोबत न्यायला सांगितलं. कोन बंद होणारा काचबिंदू बायकांत जास्त दिसतो. त्यांच्या डोळ्याची पुढची पोकळी उथळ असते, वय वाढेल तशी आणखी अरुंद होते. प्लस नंबरच्या डोळ्यांना हा धोका अधिक. उघड्या कोनाच्या प्रकारात पुरुष असणं हे कवच नव्हेच. चाळिशी ओलांडलेली, सख्ख्या नात्यात काचबिंदू, मोठा मायनस नंबर, मधुमेह, डोळ्याला जुना मार, दम्यासाठी वा सांध्यांसाठी चालू असलेलं स्टेरॉइड: यातलं काहीही असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगावं. ते विचारतील म्हणून थांबू नये.

पुढच्या आठवड्यात भावंडं मिरजेला गेली. अण्णांचा दाब 26, नस अजून शाबूत. स्टेरॉइड डॉक्टरांनी बंद केलं, दाबाचे थेंब रात्री एक, आणि ठरावीक मुदतीनं फेरतपासणी. ताईंचा कोन अरुंद निघाला. एका डोळ्याचं लेसर झालं, दुसऱ्याचं पुढच्या मंगळवारी.

फोनवर हे सांगून झाल्यावर अण्णा घुटमळले. “मॅडम, धाकटीचा चष्मा मायनस सातचा आहे. सतरा वर्षांची आहे. तिला आत्तापासनंच दाखवू?”

“मंगळवारी गाडीत जागा आहे का?”

“आहे की.”

“मग तिलाही घेऊन जा.”